परत उघड

दसऱ्याला सगळ्या पुण्यात गाड्यांना झेंडूचे हार पडतात. चाकांखाली लिंबं फुटतात, बॉनेटवर कुंकवाची बोटं उमटतात, रिक्षापासून बुलडोझरपर्यंत प्रत्येक यंत्राला त्या दिवशी देवपण येतं. दापोडीतल्या आमच्या घरासमोर मात्र त्या दिवशी गाडी उघडली जायची. सकाळी विहारात वंदना झाली की बाबा पांढरा सदरा काढून खुंटीला लावत, वर्कशॉपातली जुनी खाकी चढवत आणि जीपखाली पोतं अंथरून आडवे होत. सीटा ओट्यावर, चाकांना विटा लावलेल्या, इंजिनाखाली घरातली जुनी परात आणि परातीत गळणारं काळं ऑईल. आई पांढऱ्या साडीचा पदर सावरत दारातून बजावायची की निदान आज तरी कुणी ते हात भिंतीला पुसू नका.

येणाऱ्याजाणाऱ्यांना हे बघवत नसे. समोरच्या चाळीतले एक गृहस्थ दरवर्षी थांबायचे आणि दरवर्षी तेच म्हणायचे, "आज तरी हार घाला हो तिला. वर्षाचा सण आहे."

बाबा खालूनच उत्तर द्यायचे. "हार घातल्यानं ऑईल बदलतं का, तेवढं सांगा. लगेच घालतो."

विजयादशमी हा आमचा धम्मदीक्षेचा दिवस. ज्यांनी पूजा सोडली त्यांनी यंत्राचं काय करायचं, तर निगा राखायची, असं बाबांचं म्हणणं होतं. त्यांनी ते एका पत्रकात छापलंही होतं. दुपारपर्यंत गाडी बंद करून, हातपाय घासून, पुन्हा पांढरे कपडे घालून आम्ही त्याच जीपमधून निघायचो.

जीप आमची नव्हती. मंडळाची होती. मंडळ म्हणजे बाबांच्या लष्करी वर्कशॉपातले काही फिटर, पोस्टातले एक-दोघं, दोन शिक्षक आणि एक बँकेतले कारकून, जे मंडळाचे खजिनदार होते. माझ्या जन्माआधी त्यांनी ती लष्कराच्या लिलावात घेतली होती. पेट्रोलची, हिरवा रंग उडालेली, चारही चाकांना जोर देता येणारी. खडकवासल्याच्या पुढे, धरणांच्या पाण्यामागे, डोंगराला चिकटून ज्या वस्त्या उरल्या होत्या तिथे एसटी जात नव्हती. जीप जायची. पुस्तकांची ट्रंक, कर्णा, बॅटरी आणि पत्रकांचे गठ्ठे घेऊन ती दगडाधोंड्यातून, ओढ्यातून, चिखलातून वर चढायची. चारचाकी गाडी म्हणजे काय हे त्या वस्तीवरच्या मुलांना आमच्या जीपमुळे कळलं होतं.

मंडळात सगळं ठरावानं चालायचं. गिअर ऑईल कधी बदलायचं यावरसुद्धा हात वर व्हायचे. बाबा बहुमताचा आदर करायचे आणि ऑईल त्यांना योग्य वाटेल तेव्हा बदलायचे.

मी पत्रकांवर वाढले. आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं नंतर आली, आधी गुलाबी आणि पिवळ्या कागदावरची पत्रकं आली. 'शोषण' हा शब्द मला 'सहल'च्या आधी लिहिता येत होता. छापखान्यातून मुद्रितं आली की मी ती मोठ्यानं वाचायची आणि बाबा मूळ प्रतीवर बोट फिरवत बसायचे. पुढे मीच लिहायला लागले. पाण्यावर लिहिलं, शाळेच्या फीवर लिहिलं, लग्नातल्या बँडबाजावर लिहिलं. बाबा वाचायचे, चष्मा काढायचे आणि म्हणायचे, "छान."

ताईला 'छान' कधी मिळालं नाही. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिनं एकही पत्रक शेवटपर्यंत वाचलं असेल असं मला वाटत नाही. पण गाडी उघडली की बाबांच्या शेजारी पोत्यावर ती असायची. ग्रीस आत भरायचे बारीक निपल तिला डोळे मिटून सापडायचे. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावून ती ऐकत राहायची, एखाद्या डॉक्टरसारखी, आणि मग बाबांना हळूच काहीतरी सांगायची. मी बाहेर उकिडवी बसून पाने द्यायची. दहा-अकराचा मागितला की दहा-अकराचा, तेरा-चौदाचा मागितला की तेरा-चौदाचा. आतलं बोलणं मला अर्धंच ऐकू यायचं.

ताईनं एखादा भाग बसवला की बाबा त्यावरून अंगठा फिरवायचे, थोडं हलवून बघायचे आणि म्हणायचे, "परत उघड."

ती परत उघडायची. कपाळावर घाम, नाकावर ग्रीस. पुन्हा बसवायची. बाबा पुन्हा अंगठा फिरवायचे. कधी मान हलवायचे, कधी पुन्हा तेच दोन शब्द.

मला त्या दोन शब्दांचा हेवा वाटायचा. 'छान' हे पाहुण्यांच्या मुलांना म्हणतात. तिनं कविता म्हणून दाखवली, छान, घे बिस्किट. 'परत उघड' हे ज्याच्याकडून काहीतरी हवं आहे त्याला म्हणतात. मी लिहिलेल्या ओळीवरून बाबांनी एकदाही अंगठा फिरवला नाही. ही ओळ सैल आहे, ही काढ, असं कधी म्हणाले नाहीत. मला तर कित्येक ओळी सैल दिसत होत्या.

एकदा मी डाव खेळले. चौदा वर्षांची असेन. जीपवरच पत्रक लिहिलं. साधारण गाडी मागच्या चाकांच्या जोरावर चालते, पुढची चाकं नुसती दिशा दाखवतात आणि मिरवतात, समाजाचंही असंच आहे, म्हणून चारही चाकांनी सारखं राबावं. शीर्षक दिलं होतं 'मागच्याच चाकांनी का राबायचं?' मंडळात वाचलं तेव्हा टाळ्या पडल्या. पोस्टातल्या काकांनी डोळे पुसले. बाबा म्हणाले, "छान."

ताईनं पत्रक उलटसुलट करून पाहिलं. "डांबरी रस्त्यावर चारही चाकं लावून चालवलीस ना, तर गिअरचा बॉक्स फुटेल," ती म्हणाली आणि पत्रक मला परत दिलं.

मला वाटलं, टाळ्या हिला झोंबल्या. त्या रात्री मी फार सुखानं झोपले.

मग देश खुला झाला म्हणतात. आमच्या मंडळाची दारं त्याच सुमारास बंद व्हायला लागली. वर्कशॉपातल्या फिटरांची मुलं पिंपळे सौदागरला फ्लॅट घेऊन गेली आणि फिटर त्यांच्या मागे नातवंडं सांभाळायला गेले. शिक्षकांनी क्लास काढले. सभेला हात वर करायला माणसं उरेनात, म्हणून ठराव पटापट मंजूर व्हायला लागले. खडकवासल्याच्या रस्त्यावर जिथे भात लागायचा तिथे लॉन आणि मंगल कार्यालयं उगवली. गुंठ्याच्या भावावर घरं बंगले झाली आणि बंगल्यासमोर जंगलात जाण्यासाठी बनवलेल्या उंच गाड्या उभ्या राहिल्या. त्या जंगलात कधी जात नसत. त्या मंडईत भाजीला जात आणि पार्किंग मिळालं नाही म्हणून परत येत.

ताईनं मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, मग कॉम्प्युटरचा कोर्स, आणि हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली. तिचं काम काय, असं मी विचारलं तेव्हा म्हणाली, टेस्टिंग. दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम चालवून बघायचे, कुठे सैल आहेत ते शोधायचे आणि परत पाठवायचे. मला हसूही आलं आणि रागही. ही तिथेही बाबांचंच काम करत होती. दिवसभर लोकांना 'परत उघड' म्हणत होती, आणि लोक ऐकत होते.

एका रविवारी तिच्या ऑफिसातली चौघं तसलीच एक उंच नवी गाडी घेऊन आमच्याकडे आली. जीप बघून त्यांना उमाळे फुटले. विंटेज आहे, कूल आहे, यार ही चालते अजून? एकानं बॉनेटला टेकून फोटो काढला. गाडी ज्याची होती त्यानं ताईला विचारलं की त्याच्या गाडीत गिअरपाशी एक बटण आहे, त्यानं काय होतं. ताई म्हणाली, चारही चाकं लागतात. तो म्हणाला, अरे वा, मग दाबायचं कधी? ताई म्हणाली, तुझ्या सोसायटीत लिफ्ट बंद पडली की. सगळे हसले. बाबाही ओट्यावर बसून हसले. मी आत जाऊन चहा टाकला. बाजारानं माणसाला काय केलं आहे यावर माझ्याकडे त्या दिवशी दोन पानं मजकूर तयार होता, पण ओट्यावर ज्या विनोदाला बाबा हसले तो ताईचा होता.

पुढे साखरेनं बाबांची नजर गेली. पूर्ण नाही, पण समोरच्या माणसाचा चेहरा कळू नये इतकी. त्यांनी स्वतःहून जीपची चावी मंडळासमोर ठेवली. त्यानंतर दोन विजयादशम्या ताईनं गाडी उघडली आणि ताईनंच वस्तीवर नेली. मी पत्रकांचे गठ्ठे मांडीवर घेऊन शेजारी बसले. आणि मग एके दिवशी ताईनं ताटावर बसल्याबसल्या सांगितलं की कंपनी तिला ऑनसाइट पाठवते आहे, अमेरिकेला, दिवाळीनंतर.

मंडळाची सभा झाली. सभा म्हणजे आमच्या ओट्यावर बाबा, खजिनदारकाका, पोस्टातले काका, आणखी दोघं आणि आम्ही बहिणी. खजिनदारकाकांनी विषय मांडला. शहराच्या हद्दीत नुकत्याच आलेल्या एका गावातला जमीनवाला जीप मागत होता. धरणाकाठी त्याचं फार्महाऊस होतं, शनिवार-रविवारी आयटीतली मंडळी यायची, त्यांना चिखलातून फिरवायला त्याला ती हवी होती. "आता चालवणारं कोण आहे?" काका म्हणाले. "गाडी उभी राहून सडते. त्यापेक्षा चालती जाऊ दे."

"मी चालवीन," मी म्हणाले.

लायसन्स माझ्याकडे होतं. जीप मी मैदानात आणि कात्रजच्या जुन्या घाटात चालवलेली होती. पण सगळ्यांनी ताईकडे पाहिलं. तू काय म्हणतेस, जमेल का, चालेल का गाडी? मी तिथे बसलेली असताना, माझ्याबद्दल, तिला.

ताई म्हणाली, "गाडी चालेल. माणसाचं मला सांगता येत नाही."

बाबांनी मग ठराव मांडला. यंदा गाडीची सगळी तयारी धाकटीनं करायची आणि वस्तीवर तिनंच न्यायची. मोठीनं हात लावायचा नाही. गाडी वर जाऊन धडपणे परत आली तर ठेवायची, नाहीतर देऊन टाकायची. ठराव मंजूर झाला. ताई तटस्थ राहिली.

मी पंधरवडाभर राबले. नाना पेठेत जाऊन फॅन बेल्ट आणला, प्लग आणले. दुकानदार विचारायचे, मिस्त्री कुठे आहे? मी म्हणायचे, मीच. मग ते माझ्या हातांकडे बघायचे. ताई ऑफिसातून यायची, चप्पल काढायची आणि जीपकडे न बघता आत जायची. तिनं कधी वळून पाहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं, आणि पाहिलं असतं तर मी भांडलेही असते.

विजयादशमीच्या सकाळी वंदना झाल्यावर मी पोतं अंथरलं. ऑईल काढलं, भरलं. निपल शोधून शोधून ग्रीस मारलं. ब्रेक बघितले, बॅटरीची टोकं घासली. पाने द्यायला कुणी नव्हतं, म्हणून दरवेळी बाहेर यायचं आणि पुन्हा आत शिरायचं. शेवटी बाबांना हात धरून आणलं. त्यांनी बॉनेटखाली हात घातला, वायरींवरून, बेल्टवरून, रेडिएटरच्या नळीवरून अंगठा फिरवला. खाली वाकून पुढचं चाक हलवलं. मी पाना हातात धरून उभी होते.

"छान," बाबा म्हणाले.

मला रडूच आलं असतं. त्या एका शब्दात मला ऐकू आलं की गाडी गेली. ज्या गाडीकडून काही अपेक्षा उरली आहे तिला बाबा 'छान' म्हणत नसत.

दुपारी निघालो. मी चालवायला, शेजारी ताई, मागे ट्रंकेवर बाबा आणि साक्षीदार म्हणून खजिनदारकाका. सगळे पांढऱ्या कपड्यांत. सिंहगड रस्त्याला प्रत्येक गाडीच्या नाकावर हार डुलत होता, आमचं नाक मोकळं होतं. खडकवासल्याच्या अलीकडे पाइपलाइनसाठी रस्ता खणला होता आणि आदल्या दिवशीच्या पावसानं तिथे रेंदा झाला होता. हार घातलेल्या दोन उंच गाड्या त्यात रुतून बसल्या होत्या आणि त्यांचे मालक एकमेकांना फोन लावत होते. मी थांबले, गिअरशेजारचा छोटा दांडा पुढे टाकला. चारही चाकं लागली. जीप डुलत, फुरफुरत त्या रेंद्यातून पलीकडे गेली. मी आरशात बाबांकडे पाहिलं. ते हसत होते. ताई पाण्याकडे बघत होती.

पुढे धरणाच्या काठानं डांबरी रस्ता लागला. आता दांडा मागे घ्यायला हवा होता. तो मी घेतला नाही. मला ते पत्रक आठवलं, टाळ्या आठवल्या, आणि ताईचं ते वाक्यही आठवलं. ते आठवलं म्हणूनच घेतला नाही. चारही चाकं राबत होती आणि गाडी धावत होती. तिचं म्हणणं खोटं पडत होतं, प्रत्येक वळणाला थोडं थोडं.

मग स्टिअरिंग जड झालं. आधी वाटलं माझेच हात दुखताहेत. पुढच्या वळणाला टायर किंचाळले आणि खालून गरम ऑईलचा वास आला. त्याच्या पुढच्या वळणाला गाडी वळताना अशी अडखळली, जणू कुणी तिचे पाय आवळून बांधले होते. मी भाजकं कणीस विकणाऱ्या एका बाईच्या गाड्यापाशी थांबले आणि दांडा मागे ओढला. तो हलला नाही. दोन्ही हातांनी ओढला. नाही.

"गाडीला विश्रांती हवी आहे की आपल्याला?" काका म्हणाले.

मी खाली उतरले, वाकून पाहिलं, काहीच कळलं नाही, पुन्हा चढले. कणीसवाली वारा घालायची थांबून आमच्याकडे बघायला लागली. असंच पुढे रेटलं तर आत काहीतरी तुटेल हे मला कळत होतं, आणि तुटलं तर जीप त्या फार्महाऊसच्या चिखलात आयटीवाल्यांना हिंदकळवत फिरणार. शेजारी ताई बसली होती. तिनं दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली दाबून ठेवले होते. तिच्या अंगठ्यांना ते सहन होत नव्हतं. तिला माहीत होतं. गाडी पहिल्यांदा अडखळली तेव्हापासून माहीत असणार.

मी तिला लहानपणापासून काहीही विचारलं नव्हतं. गणित अडलं तर मी शाळेत बाईंना विचारायची.

"काय झालंय, सांग," मी म्हणाले.

ताईनं मान मागे वळवली. "सांगू का, काका? ठरावात बसतं?"

खजिनदारकाकांनी विचार केला. गाडी विकण्याच्या बाजूचा तो एकमेव माणूस, पण आयुष्य बँकेत गेलेलं. "हात लावायचा नाही असं ठरलं आहे," ते म्हणाले. "तोंडाचं काही ठरलेलं नाही."

"चारही चाकं कधीपासून लागलेली आहेत?" ताईनं मला विचारलं.

"रेंद्यापासून."

"मग काढली का नाहीस?"

मी समोरच्या रस्त्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि हळूहळू तिच्या लक्षात आलं.

"ते पत्रक अजून चालूच आहे होय?" ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं, अगदी सपाट आवाजात. वळणावर पुढची चाकं लांबून जातात, मागची जवळून. चिखलात ती थोडी घसरतात आणि हिशेब मिटतो. डांबरावर घसरायला जागा नसते, म्हणून ती ओढाताण आत बॉक्समध्ये साठत जाते आणि दांडा आवळला जातो. "मागे घे. सरळ. स्टिअरिंग वळवू नको. दांड्यावर हात नुसता ठेव, जोर लावू नको. आपोआप येईल."

काका उतरून मागची वाहनं थांबवायला लागले, पांढऱ्या धोतरात, दोन्ही हात पसरून. मी जीप मागे घेतली. थोडी. आणखी थोडी. खट करून दांडा माझ्या हातात सैल झाला. तिचं खरं ठरू नये असं मला मनातून फार वाटत होतं.

"बॉक्स किती तापलाय ते बघ," मागून बाबा म्हणाले. दुपारपासूनचं त्यांचं पहिलं वाक्य.

मी पांढऱ्या कुर्त्यानिशी खाली शिरले. पोतं नव्हतं. बॉक्सला बोट टेकवलं आणि लगेच काढलं. बाबा म्हणाले, मग थांबू, निवू दे. आम्ही कणसं घेतली. कणीसवालीनं सगळ्यांच्या कणसांना लिंबू चोळलं आणि माझ्या पाठीला लागलेलं ग्रीस बघून म्हणाली की रॉकेलनं जाईल. मी म्हटलं, राहू दे.

पानशेतच्या पुढे डांबर संपलं तिथे मी दांडा पुन्हा पुढे टाकला, या वेळी ताईकडे न बघता आणि कुठल्याही पत्रकाशिवाय. शेवटची चढण तुम्ही पाहिली नसेल. मातीचा रस्ता पावसानं खाल्लेला, मध्ये गुडघाभर घळ, एका बाजूला दरड, एका बाजूला पाणी. छोट्या गिअरमध्ये जीप माणसाच्या चालीनं चढते. एक चाक हवेत, तीन जमिनीवर, मग दुसरं हवेत. ज्याला जमीन मिळेल त्यानं ओढायचं. माझ्या पत्रकात हे नव्हतं. मी समान राबण्यावर लिहिलं होतं, आणि इथे तर ज्या चाकाला धर मिळेल तेच सगळ्यांना ओढत होतं. ताईचे हात अजून मांड्यांखाली होते. मी वळणावर तिच्याकडे एकदा पाहिलं तेव्हा तिचा उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबलेला होता.

आम्ही वर पोहोचलो. वस्तीतल्यांनी वाटेवरचे दगड नेहमीप्रमाणे बाजूला करून ठेवले होते. मुलं धावत आली. एक म्हातारी, दरवर्षी बाबांना पहिलं पाणी देणारी, जीपपाशी आली, माझ्या हातातलं स्टिअरिंग बघितलं आणि पलीकडे डोकावली.

"थोरली न्हाई का चालवत औंदा?"

"धाकटीनं आणली, मावशी," ताई म्हणाली.

"मंग थोरलीला काय झालं? बरी हाय न्हवं?"

ताई पोट धरून हसली. मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. एवढा डोंगर चढून मी मिळवलं काय, तर ताईच्या तब्येतीची चौकशी.

संध्याकाळी निळ्या झेंड्याखाली कार्यक्रम झाला, पुस्तकं वाटली, पत्रकं वाटली. परतीला गाडीनं काही तक्रार केली नाही. दापोडीत उतरताना खजिनदारकाका म्हणाले की गाडी ठेवायला हरकत नाही, मात्र आपण विरोधात होतो हे सगळ्यांनी लक्षात ठेवावं.

दिवाळीनंतर ताई गेली. जाताना तिनं हातात काही दिलं नाही की काही सांगितलं नाही. विमानतळावर निघण्याआधी ती एकटीच जीपपाशी जाऊन उभी राहिलेली मला खिडकीतून दिसली. हात खिशात होते. ठराव संपून महिना झाला होता, तरी.

आता दर रविवारी मी गाडी उघडते. विजयादशमीची वाट बघत नाही. माझ्यासारखीच्या हातातल्या गाडीला वर्षातून एक दिवस पुरत नाही. बाबा बाहेर स्टुलावर बसायचे. मग एका रविवारी पुढच्या चाकाचं बेअरिंग धुऊन, नवं ग्रीस भरून मी बसवलं आणि ते स्टूल सोडून पोत्यावर येऊन बसले. त्यांनी चाक हातानं फिरवलं. डोळे मिटून ऐकलं, ते तसेही फारसे उपयोगाचे नव्हते. पुन्हा फिरवलं.

"परत उघड," बाबा म्हणाले.

मी काय केलं असेल? परत उघडलं. नटावर नट, वॉशरवर वॉशर. घाम डोळ्यांत जात होता आणि तो पुसायची मला घाई नव्हती. चौकात कुणीतरी मोठ्यानं गाणी लावली होती, आई आतून जेवायला बोलवत होती. मी पुन्हा बसवलं, पुन्हा उघडायला लागलं, पुन्हा बसवलं. त्यांनी चाक फिरवलं.

"परत उघड."

ताईचा फोन त्या महिन्यात आला. ती नेहमी आधी बाबांशी बोलते. हवा, जेवण, साखर, आणि मग जीप. पुढून मध्यंतरी एक आवाज येत होता, तो गेला का, असं तिनं विचारलं असावं, कारण बाबा म्हणाले, "मला काय विचारतेस? गाडी ती बघते. तिला विचार." आणि त्यांनी रिसीव्हर माझ्या दिशेनं धरला. थोडा चुकला, भिंतीकडे धरला. मी घेतला.

ताईनं विचारलं, बेअरिंग होतं का? मी म्हटलं, बेअरिंगच होतं. ग्रीस कुठलं भरलंस? मी सांगितलं. बाबा जवळ बसतात का?

"पोत्यावर बसतात," मी म्हणाले. "परवा एकच चाक तीनदा उघडायला लावलं."

मला वाटलं लाइन गेली.

"तीनदा?" ताई म्हणाली. "मला तर दोनदाच लावायचे."

मी रिसीव्हर कानाशी घट्ट धरला. परदेशातल्या फोनचा वेळ जात होता, आणि मी तो जाऊ दिला.